दोन स्वयंपाकघरे, एक गल्ला : मॅकडोनाल्ड्सचा इतिहास आणि आपण

१९९६ च्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईत वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर एक दुकान उघडले. त्याच महिन्यात दिल्लीच्या वसंत विहारमध्येही तसेच दुकान सुरू झाले होते. दोन्ही दुकानांवर पिवळ्या कमानींचा इंग्रजी ‘एम’ होता. ही कंपनी तोपर्यंत जगभर एका पदार्थासाठी ओळखली जात होती, तो म्हणजे गोमांसाची टिक्की घातलेला पाव. भारतात मात्र तिने गोमांस ठेवलेच नाही. डुकराचे मांसही ठेवले नाही. गोमांसाशिवाय चालणारे मॅकडोनाल्ड्स जगाने पहिल्यांदा पाहिले ते आपल्या देशात.

इतिहास शिकवताना आपण राजे, लढाया आणि तह शिकवतो. लोक काय खात होते, कुणाबरोबर खात होते आणि कुणाच्या हातचे खात नव्हते, हे मात्र पाठ्यपुस्तकात फारसे येत नाही. भारतीय समाजाचा खरा नकाशा ताटातच दिसतो. १८५७ चा भडका ज्या ठिणगीने उडाला, ती काडतुसांना लावलेल्या चरबीची होती. गायीची चरबी म्हणून हिंदू शिपाई बिथरले, डुकराची म्हणून मुसलमान शिपाई. ज्या कंपनी सरकारने हे समजून घेतले नाही, ते पुढच्याच वर्षी संपले. त्यानंतर जवळपास १४० वर्षांनी दुसरी एक परदेशी कंपनी या देशात खाण्याचा धंदा करायला आली, आणि तिने पहिला निर्णय घेतला तो याच दोन जनावरांबद्दल. म्हणून मॅकडोनाल्ड्सचा इतिहास मला केवळ व्यापाराचा इतिहास वाटत नाही. त्यात आपलाही इतिहास आहे.

स्वयंपाकघराची गिरणी कशी झाली

आधी एक गैरसमज दूर करू. ‘हॅम्बर्गर’ या शब्दात ‘हॅम’ आहे, आणि हॅम म्हणजे डुकराचे मांस. त्यामुळे आपल्याकडे अनेकांना वाटते की हॅम्बर्गर डुकराचाच असतो. तसे नाही. हा शब्द जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराच्या नावावरून आला आणि जर्मन स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत पोहोचला. तिथे हॅम्बर्गर म्हणजे गोमांसाचाच.

कंपनीचे नाव रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड या दोन भावांचे आहे. आयरिश वंशाचे हे कुटुंब अमेरिकेच्या पूर्वेकडील न्यू हॅम्पशायरमधले. वडील बुटांच्या कारखान्यात कामाला होते. पोटासाठी दोघे भाऊ पश्चिमेला कॅलिफोर्नियात गेले, सिनेमाच्या स्टुडिओत सामान हलवण्याची कामे केली आणि १९४० मध्ये सॅन बर्नार्डिनो गावात त्यांनी खाण्याचे दुकान टाकले. मोटारीतून आलेल्या गिऱ्हाइकाला गाडीतच ताट नेऊन देणारे वाढपी, लांबलचक पदार्थांची यादी, काचेची भांडी, काटे-चमचे असा सगळा थाट होता. दुकान चांगले चालत होते.

१९४८ मध्ये त्यांनी हे चालते दुकान काही महिने बंद ठेवले. कोणता पदार्थ जास्त खपतो, याचा हिशेब त्यांनी तपासला होता. विक्रीचा मोठा वाटा एकट्या हॅम्बर्गरचा निघाला. मग यादी छाटून नऊ पदार्थांवर आणली. वाढपी काढून टाकले. ताट, काटा, चमचा रद्द करून कागदात गुंडाळून द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाने खिडकीपाशी यावे, पैसे द्यावेत आणि आपले खाणे घेऊन जावे. हॅम्बर्गरची किंमत ठेवली १५ सेंट.

खरा बदल आतल्या बाजूला होता. एक माणूस फक्त टिक्क्या भाजणार, दुसरा फक्त पावात कांदा, काकडीचे लोणचे आणि सॉस भरणार, तिसरा फक्त बटाटे तळणार, चौथा फक्त दूध घुसळणार. कोण कुठे उभा राहील आणि किती पावले चालेल, हे ठरवण्यासाठी भावांनी टेनिसच्या मैदानावर खडूने स्वयंपाकघराचा आराखडा काढला आणि कामगारांना त्यावर फिरवून पाहिले, असे त्यांच्या चरित्रात येते.

सोलापूरकरांना ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. १८७७ मध्ये या शहरात पहिली कापडगिरणी उभी राहिली. तीच आपली ‘जुनी मिल’. घरच्या हातमागावर सूत उकलणे, ताणा करणे, खळ लावणे, विणणे ही सगळी कामे एकाच कुटुंबात होत. गिरणीने त्यांची खाती पाडली. प्रत्येक खात्याला वेगळा माणूस, प्रत्येक पाळीला भोंगा. कापड भराभर निघू लागले आणि स्वस्तही झाले. पण अखखे कापड आपण विणले, असे म्हणू शकणारा माणूस गिरणीत उरला नाही. मॅकडोनाल्ड बंधूंनी स्वयंपाकाचे नेमके हेच केले. आचारी गेला, खाते आले. आमच्या भवानी पेठेत आजही यंत्रमागाची खटखट ऐकू येते. त्या आवाजात वाढलेल्या माणसाला या बदलातला नफा कळतो आणि तोटाही कळतो.

खाणे विकणारी की जागा भाड्याने देणारी कंपनी?

१९५४ मध्ये रे क्रॉक नावाचा ५२ वर्षांचा फिरता विक्रेता या दुकानात आला. तो दूध घुसळायची यंत्रे विकायचा. एका गावातले एक दुकान एकदम आठ यंत्रे कशाला वापरते, हे बघायला तो गेला होता. तिथली रांग पाहून त्याने भावांकडून देशभर अशी दुकाने काढण्याचे हक्क मिळवले. १५ एप्रिल १९५५ रोजी शिकागोजवळच्या डेस प्लेन्स गावात त्याचे पहिले दुकान सुरू झाले.

क्रॉक स्वतः दुकाने चालवत नव्हता. तो नाव आणि पद्धत दुसऱ्याला वापरायला द्यायचा. दुकान घेणाऱ्याने सुरुवातीला ९५० डॉलर भरायचे आणि नंतर विक्रीच्या १.९ टक्के द्यायचे. त्यातला अर्धा टक्का भावांना जायचा. एवढ्यात क्रॉकचे भागत नव्हते. मग हॅरी सॉनबॉर्न या त्याच्या सहकाऱ्याने वेगळीच वाट दाखवली. दुकानासाठी जमीन आणि इमारत कंपनीने आधी स्वतः भाडेपट्ट्याने घ्यायची आणि मग ती दुकानदाराला जास्त भाड्याने द्यायची. म्हणजे नियम मोडणाऱ्या दुकानदाराला नुसती नोटीस देऊन थांबायचे नाही, त्याच्या पायाखालची जागाच आपल्या हातात ठेवायची. कंपनीची खरी कमाई आणि खरी सत्ता इथून सुरू झाली. आजही तिच्या कमाईचा मोठा भाग भाडे आणि नावाचा हक्क यांतून येतो. जगातली तिची सुमारे ९५ टक्के दुकाने दुसऱ्यांच्या मालकीची आहेत. पुढे भारत आणि इस्राएल यांच्याबद्दल सांगताना हा मुद्दा पुन्हा लागणार आहे, म्हणून तो लक्षात ठेवावा.

१९६१ मध्ये क्रॉकने भावांना २७ लाख डॉलर देऊन सगळे हक्क विकत घेतले. सॅन बर्नार्डिनोचे मूळ दुकान भावांकडे राहिले, पण स्वतःचे आडनाव त्यावर लावण्याचा हक्क राहिला नाही. त्यांनी दुकानाचे नाव ‘बिग एम’ केले. क्रॉकने जवळच नवे मॅकडोनाल्ड्स उघडले आणि काही वर्षांत भावांचे दुकान बंद पडले. त्याच १९६१ मध्ये कंपनीने दुकान चालवण्याचे शिक्षण देणारी ‘हॅम्बर्गर युनिव्हर्सिटी’ काढली. १९६५ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. १९६७ मध्ये ती कॅनडात गेली, १९७१ मध्ये टोकियोच्या गिंझा भागात. ३१ जानेवारी १९९० रोजी मॉस्कोच्या पुश्किन चौकात दुकान उघडले, तेव्हा पहिल्याच दिवशी ३० हजारांहून अधिक लोक रांगेत आले. सोव्हिएत संघ पुढच्याच वर्षी कोसळला. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर कंपनी रशियातून बाहेर पडली, तेव्हा एका कालखंडाची सुरुवात आणि शेवट दोन्ही याच दुकानाच्या पाटीवर वाचता आले.

शुक्रवारचा मासा

धर्म आणि ताट यांची गाठ कंपनीला भारतात पहिल्यांदा कळली, असे समजायचे कारण नाही. ती अमेरिकेतच कळली होती.

सिनसिनाटी शहरात लू ग्रोएन या माणसाचे मॅकडोनाल्ड्सचे दुकान होते. वस्ती बहुतांश कॅथलिक ख्रिश्चनांची. त्या काळी कॅथलिक लोक शुक्रवारी मांस खात नसत, मासा चालत असे. त्यामुळे शुक्रवारी ग्रोएनचे दुकान ओस पडायचे. १९६२ मध्ये त्याने तळलेल्या माशाचा बर्गर तयार केला. क्रॉकला ही कल्पना पसंत नव्हती. त्याने स्वतः अननसाची चकती घातलेला एक बर्गर पुढे केला होता. मग दोन्ही पदार्थ एकाच शुक्रवारी विकून पाहायचे ठरले. मासा शेकड्यांनी खपला, अननसाला जेमतेम सहा गिऱ्हाइके मिळाली. माशाचा बर्गर पुढे साऱ्या अमेरिकेत गेला.

गिऱ्हाइकाचा धर्म बदलता येत नाही, पदार्थ बदलता येतो, हा धडा कंपनीने तेव्हा घेतला. इस्राएलमध्ये काही दुकाने ज्यूंच्या कोशर नियमाप्रमाणे चालली. मलेशिया, इंडोनेशिया, सौदी अरेबिया या देशांत हलालचा नियम पाळला गेला. तिथे प्रत्येक ठिकाणी मोठ्या संख्येने असलेल्या एका समाजाचा एक नियम होता. भारतात मात्र एकाच गल्लीत चार नियम होते.

सहा वर्षांची तयारी

१९९१ मध्ये आर्थिक उदारीकरण आले आणि परदेशी कंपन्यांना दारे उघडली. मॅकडोनाल्ड्सने भारतातला अभ्यास त्याच सुमारास सुरू केला आणि पहिले दुकान उघडायला साधारण सहा वर्षे घेतली. या घाई न करण्याला कारण होते. १९९५ मध्ये बंगळुरूत केंटकी फ्राइड चिकनचे दुकान निघाले आणि काही महिन्यांतच प्रा. नंजुंडस्वामी यांच्या रयत संघाच्या कार्यकर्त्यांनी त्याची मोडतोड केली. महाराष्ट्रात त्याच काळात एन्रॉनवरून रणकंदन चालू होते. १९९५ मध्येच युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर केंद्रे सुरू केली होती. अशा वातावरणात अमेरिकेचा बर्गर आणायचा होता.

कंपनीने भारत दोन भागीदारांमध्ये वाटला. पश्चिमेसाठी मुंबईचे अमित जटिया, जे स्वतः शाकाहारी कुटुंबातले. त्यांच्या कंपनीकडे पुढे दक्षिणही आली. उत्तर आणि पूर्वेसाठी दिल्लीचे विक्रम बक्षी. मग खाण्याचे नियम ठरले. गोमांस नाही, डुकराचे मांस नाही. शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांची स्वयंपाकघरे वेगळी, तळणीचे तेल वेगळे, भांडी वेगळी. शाकाहारी बाजूला काम करणाऱ्यांना हिरवे एप्रन. शाकाहारी बर्गरच्या मेयोनीजमध्ये अंडे नाही. जगप्रसिद्ध ‘बिग मॅक’च्या जागी ‘महाराजा मॅक’ आला, तो सुरुवातीला मटणाचा होता, पुढे चिकनचा झाला. नंतर बटाट्याच्या टिक्कीचा ‘मॅक आलू टिक्की’ आला. २००४ मध्ये २० रुपयांच्या पदार्थांची यादी आल्यावर कॉलेजची पोरेही आत शिरू लागली.

माल कुठून येणार, हा प्रश्न याहून कठीण होता, आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी महाराष्ट्रात सापडले. चीजचे काप बारामतीच्या डायनामिक्स डेअरीतून. आइसबर्ग जातीचा कोबीसारखा दिसणारा सॅलडचा पाला तळेगावच्या त्रिकाया अॅग्रिकल्चरकडून. टिक्क्या रायगड जिल्ह्यातल्या तळोज्याच्या व्हिस्टा प्रोसेस्ड फूड्समध्ये. हे सगळे थंड राखून दुकानांपर्यंत पोहोचवायचे काम ठाण्याच्या राधाकृष्ण फूडलँडकडे. पाव पंजाबातल्या फिल्लौरहून. बटाट्याने मात्र बराच काळ दमवले. आपल्या भाजीच्या बटाट्यात पाणी जास्त असते, तो तळला की मऊ पडतो. लांबट आणि कमी पाण्याच्या जाती गुजरातमधल्या शेतकऱ्यांकडून लावून घेतल्या गेल्या आणि मेहसाण्यात मॅकेन कंपनीचा कारखाना उभा राहिला. तोवर तळायचे बटाटे बाहेरून आणावे लागत.

शेतापासून दुकानापर्यंत सलग थंड वाहतूक ही त्या काळी आपल्याकडे नवलाची गोष्ट होती. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याच्या गाड्या उन्हात उभ्या राहतात आणि भाव पडला की शेतकरी हात हलवत परततो, हे आपण दरवर्षी पाहतो. एका कंपनीने स्वतःच्या गरजेपुरती का होईना, शेतमालाची निगा राखणारी साखळी उभी केली. ती सगळ्या शेतमालासाठी का उभी राहिली नाही, हा प्रश्न त्या कंपनीला विचारण्याचा नाही, आपल्या राज्यकर्त्यांना विचारण्याचा आहे.

वडापावच्या राज्यात

मुंबईत झटपट खाणे मॅकडोनाल्ड्सने आणले, असे म्हणणे म्हणजे मुंबईचा अपमान आहे. पाव पोर्तुगिजांबरोबर आला, बटाटाही त्यांच्याच मार्फत. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटेवडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असे मानले जाते. गिरणी कामगाराला उभ्या उभ्या, एका हाताने, कमी पैशांत खाता येईल असे हे खाणे होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हजारो घरांची चूल थंडावली, तेव्हा अनेकांनी वडापावची गाडी लावून दिवस काढले.

त्याआधीची इराण्यांची आणि उडप्यांची हॉटेले विसरून चालणार नाही. इराण्याच्या संगमरवरी टेबलावर हमाल, कारकून, हिंदू, मुसलमान, पारशी असे सगळे समोरासमोर बसून चहात ब्रुन मस्का बुडवत. खानावळ जातीची असायची, इराणी कुणाचाच नव्हता आणि म्हणून सगळ्यांचा होता. मॅकडोनाल्ड्सला मुंबईत गिऱ्हाईक मिळाले, त्यामागे एकत्र बसून खाण्याची ही सवय होती. ती सवय लावणाऱ्यांपैकी बहुतेकांची हॉटेले मात्र एकेक करून बंद होत गेली.

बर्गरची पद्धत वडापावनेही उचलली. २००१ मध्ये मुंबईत जम्बोकिंग आणि २००४ मध्ये कल्याणमध्ये गोली या साखळ्या सुरू झाल्या. एकच चव, एकच वजन, एकच वेष्टन आणि नावाचा हक्क विकून वाढवलेली दुकाने. तरीही चौकातल्या गाडीवरचा वडा टिकून आहे. आमच्या सोलापुरात शेंगाचटणी आणि कडक भाकरी टिकून आहे. कारण साखळीला दर महिन्याला जागेचे भाडे भरावे लागते, गाडीवाल्याचे गणित वेगळे असते.

२००१ : सिएटलचा खटला

गोमांस नाही, असे सांगून कंपनी पाच वर्षे शांततेत वाढली आणि २००१ मध्ये वादळ अमेरिकेतून आले. १९९० मध्ये कंपनीने अमेरिकेत जाहीर केले होते की बटाटे आता चरबीत न तळता वनस्पती तेलात तळले जातील. तिथल्या शाकाहारी लोकांनी, त्यात अनेक भारतीय हिंदू होते, ते निःशंकपणे खाल्ले. नंतर उघड झाले की तेल वनस्पतीचे असले तरी बटाट्यांना चव येण्यासाठी गोमांसाचा अर्क वापरला जात होता. सिएटलचे वकील हरीश भारती यांनी खटला भरला.

बातमी येताच मुंबई-ठाण्यात दुकानांवर मोर्चे गेले, मोडतोड झाली. भारतातल्या बटाट्यांत असा अर्क वापरला जात नाही, असे कंपनीने सांगितले. नमुन्यांच्या तपासणीतही गोमांसाचा अंश सापडला नाही. अमेरिकेत मात्र कंपनीने माफी मागितली आणि २००२ मध्ये एक कोटी डॉलरची तडजोड केली. ती रक्कम शाकाहारी संस्था, हिंदू-शीख संस्था, मुलांच्या पोषणाचे काम करणाऱ्या आणि कोशर नियमांसाठी काम करणाऱ्या संस्था यांना देण्याचे ठरले.

हा खटला मला महत्त्वाचा वाटतो. ज्याने पैसे देऊन खाणे घेतले, त्याला त्यात काय आहे हे खरेखुरे कळले पाहिजे. हा हक्क सिएटलमधल्या हिंदू शाकाहारी माणसाने लढून मिळवला. आपण मुसलमानांनी त्याचे मनापासून स्वागत केले पाहिजे, कारण आपला प्रश्नही नेमका तोच आहे.

२०१९ : हलालचा प्रश्न

माझ्या वर्गातली मुले हमखास विचारतात, तिथले चिकन चालते का? गल्लीतल्या खाटकाला आपण चेहऱ्याने ओळखतो. त्याने बिस्मिल्लाह म्हटले का, हे कागदावर लिहून घेण्याची वेळ कधी आलीच नाही. कोंबडी शेकडो मैलांवर कापली जाते, कारखान्यात तिची टिक्की होते, गोठवून ट्रकने येते, तेव्हा ओळखीचा चेहरा उरत नाही. त्याची जागा प्रमाणपत्र घेते. हलाल प्रमाणपत्र ही कारखानदारीच्या काळाची गरज आहे. शाकाहारी पाकिटावरचा हिरवा ठिपकाही त्याच गरजेतून आला.

ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विटरवर कुणीतरी हाच प्रश्न विचारला. आपल्या सर्व दुकानांकडे हलाल प्रमाणपत्र आहे, असे उत्तर मॅकडोनाल्ड्स इंडियाने दिले. त्यावर बहिष्काराची मोहीम उसळली. आम्हाला आमच्या पद्धतीचे, म्हणजे झटक्याचे मांस का नाही, असा आक्षेप होता.

या आक्षेपाकडे शांतपणे पाहिले पाहिजे. शीख बांधवांना त्यांच्या धर्ममर्यादेनुसार विधीपूर्वक कापलेले मांस वर्ज्य आहे. त्यांनी वेगळ्या मांसाची मागणी केली तर ती रास्त आहे. सिएटलच्या खटल्यातला हक्क त्यांनाही लागू होतो. २०१२ मध्ये कंपनीने अमृतसर आणि वैष्णोदेवीच्या यात्रेकरूंसाठी पूर्ण शाकाहारी दुकाने काढण्याचे जाहीर केले, तेव्हा मुसलमानांनी हरकत घेतली नाही, घ्यायचे कारणही नव्हते. पण मला माझे मिळावे ही मागणी एक आणि त्याला त्याचे मिळू नये ही मागणी दुसरी. पुढच्या काळात दुसऱ्या मागणीचाच आवाज मोठा झाला. २०२२ मध्ये कर्नाटकात उगादीच्या तोंडावर हलाल मांसाविरुद्ध मोहीम झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने हलाल प्रमाणित मालाच्या विक्रीवरच बंदी घातली, निर्यातीचा माल तेवढा वगळला. म्हणजे परदेशी मुसलमानाला विकण्यात अडचण नाही, शेजारच्या मुसलमानाने मागू नये, असा त्याचा अर्थ होतो. यात नुकसान बहुराष्ट्रीय कंपनीचे फारसे होत नाही. ते होते आमच्या पेठेसारख्या वस्त्यांतल्या खाटकांचे, कोंबडीवाल्यांचे आणि त्यांच्या घरच्या शाळेत जाणाऱ्या मुलांचे.

बहिष्कार आणि मालकीचा गुंता

ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाचे युद्ध सुरू झाले. इस्राएलमधल्या मॅकडोनाल्ड्सने तिथल्या सैनिकांना फुकट जेवण देत असल्याचे जाहीर केले. मुस्लीम देशांत संताप उसळला आणि बहिष्कार सुरू झाला. सौदी, कुवेत, मलेशियातल्या दुकानदारांनी आपला त्या निर्णयाशी संबंध नसल्याचे सांगितले. काही देशांतल्या शाखांनी गाझासाठी मदतही दिली. कंपनीच्या प्रमुखांनी पुढे मान्य केले की बहिष्काराचा धंद्यावर परिणाम झाला आहे.

सॉनबॉर्नची युक्ती इथे समजते. एकच नाव, पण मालक वेगवेगळे. नफ्याच्या वेळी नाव एक असते, जबाबदारीच्या वेळी मालक वेगळे होतात. गंमत म्हणजे इस्राएलमधले दुकान चालवणारे ओम्री पादान हे तिथल्या ‘पीस नाऊ’ या शांततावादी चळवळीच्या संस्थापकांपैकी एक. २०१३ मध्ये त्यांनी व्याप्त पश्चिम किनाऱ्यावरच्या एरियल वसाहतीत दुकान काढायला नकार दिला होता. तेव्हा इस्राएलमधल्या उजव्यांनी त्यांच्यावर बहिष्काराची भाषा केली. त्याच माणसाच्या कंपनीने दहा वर्षांनी सैनिकांना जेवण पुरवले आणि दुसऱ्या बाजूचा बहिष्कार ओढवून घेतला. शेवटी एप्रिल २०२४ मध्ये मूळ कंपनीने इस्राएलमधली २२५ दुकाने त्यांच्याकडून परत विकत घेण्याचा करार केला.

नाव एक आणि मालक अनेक, हा गुंता भारतानेही पाहिला. विक्रम बक्षी यांच्याशी कंपनीचे २०१३ पासून भांडण झाले. २०१७ मध्ये तिने उत्तर आणि पूर्वेतल्या १६९ दुकानांचा करार रद्द केला, आणि २०१९ मध्ये तडजोड झाली. मधल्या काळात तिथे पाळीवर उभ्या असलेल्या पोरापोरींना आपली नोकरी उद्या आहे की नाही, हे कळत नव्हते. गिरण्या बंद पडताना पाहिलेल्या शहराला ही अवस्था वेगळी सांगायला नको.

मग खावे की न खावे?

रोज तळलेले आणि गोड खाऊ नये, हे डॉक्टर सांगतातच. बहिष्कार घालायचा तर तो कुणावर आणि कशासाठी, हे माहीत करून घालावा. न घालायचा तरी तो निर्णयही माहितीवर उभा असावा. शिक्षक म्हणून माझा आग्रह एवढाच आहे.

या इतिहासातली एक गोष्ट मात्र मला टोचते. एका अमेरिकन कंपनीने सहा वर्षे बसून शोधून काढले की या देशात कोण काय खातो, कोण काय खात नाही आणि कुणाच्या भांड्याला कुणाचे भांडे लागलेले चालत नाही. तिने हे प्रेमापोटी केले नाही, धंद्यासाठी केले. पण केले. आतल्या बाजूला दोन स्वयंपाकघरे ठेवली आणि बाहेर गल्ला एकच ठेवला. त्या एका रांगेत जैन कुटुंबामागे मुसलमान कुटुंब उभे राहते, शेजारच्या टेबलावर बसून खाते, आणि कुणाचे काही बिघडत नाही. याच शहरांत घर भाड्याने मागायला गेले की पहिला प्रश्न येतो, नॉनव्हेज खाता का? आणि आडनाव ऐकल्यावर पुष्कळदा तो प्रश्नही येत नाही, सरळ नकार येतो.

शेजाऱ्याच्या ताटात काय असते, हे एका परक्या व्यापाऱ्याने आपल्यापेक्षा जास्त लक्ष देऊन पाहिले. आपण शाळेत, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत तेवढे लक्ष द्यायला काय हरकत आहे? पुढच्या ईदला शेजारच्या शाकाहारी घरी डबा पाठवताना शीरखुर्मा वेगळ्या भांड्यात करा, वेगळ्या पळीने वाढा आणि तसे त्यांना सांगाही. आमच्या पेठेत जुन्या बायका हे न सांगता करत आल्या आहेत.